काकूंचा राक्षस यंत्रात मावेना

आमच्या वरच्या मजल्यावर जे जोडपं राहतं, त्यांना सगळी गल्ली माघारी टिकटिक आणि गडगडाट म्हणते. तोंडावर अर्थातच काका आणि काकू.

काका घड्याळं दुरुस्त करतात. गुडघे कुरकुरायला लागले तसं त्यांनी दुकान सोडलं, पण जुनी गिऱ्हाइकं जिने चढून घरी येतात. मग काका खिडकीपाशी टेबल मांडून, एका डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून बसतात. घड्याळाच्या आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगवर श्वास पडला तरी ती उडून जाते म्हणे. ती सवय इतकी अंगात मुरलीय की बोलतानासुद्धा काका श्वास जपून सोडतात. त्यांच्याशी बोलायचं तर पुढे वाकावं लागतं.

काकूंशी बोलायचं तर मागे सरकावं लागतं. त्या एका भल्यामोठ्या लॉन्ड्रीत कामाला होत्या. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथं धुतल्या जायच्या. खोलीएवढी मशीनं, त्यांची अखंड घरघर, वाफेचे फूत्कार. 'जरा ती गाडी इकडे ढकल' एवढं सांगायचं तरी घसा ताणावा लागायचा. काकू निवृत्त झाल्या, आवाज झाला नाही. मी या घरात नवीन राहायला आले तेव्हा मला वाटलं, वर रोज संध्याकाळी कडाक्याचं भांडण होतं. शेवटी एकदा हिय्या करून वर गेले, तर दारातच ऐकू आलं, "अहो, चहा टाकू का?"

त्या आवाजाची सगळ्यात मोठी चाहती म्हणजे त्यांची नात. तिचं नाक इतकं इवलंसं आणि गोल होतं की काकांनी ती जन्मली त्या दिवशीच तिला 'बटण' म्हणून हाक मारली, आणि तेच चिकटलं. मुलगा, सून आणि बटण तेव्हा इथंच राहायचे. शाळेतून आली की बटण दप्तर फेकून आजीच्या पलंगावर चढायची, आणि काकू चादरींच्या घड्या घालता घालता गोष्ट सांगायच्या.

गोष्टी काकूंच्या स्वतःच्या होत्या. पुस्तकातली राजाराणी त्यांना माहीतच नव्हती. त्यांना माहीत होती लॉन्ड्री. सगळ्यात लाडकी गोष्ट राक्षसाची. एक राक्षस आपली मैदानाएवढी चादर लॉन्ड्रीत धुवायला टाकतो. लॉन्ड्रीतली एक छोटीशी मुलगी ती चुकून कढत पाण्यात घालते, आणि चादर आटून हातरुमालाएवढी होते. दुसऱ्या दिवसापासून राक्षस रोज येऊन विचारतो, "माझी चादऽऽऽर कुठाय?" आणि मुलगी रोज नवी थाप मारते. "साहेब, वाळत घातलीय." "साहेब, इस्त्री चाललीय." "साहेब, तिच्यावर मांजर झोपलंय, उठवलं तर पाप लागेल."

मुलीचा आवाज काकू अगदी मुंगीसारखा काढायच्या. इतका बारीक की बटण जिवाचा कान करून ऐकायची. मग काकू गप्प व्हायच्या. गप्प म्हणजे अगदी गप्प. आणि मग राक्षस यायचा. बटण किंचाळून चादरीखाली शिरायची आणि खाली माझ्या कपाटातली भांडी किणकिणायची.

पुढे मुलाला दूरच्या शहरात नोकरी लागली. इतक्या दूर की तिकडे बटण शाळेतून घरी येते तेव्हा इकडे सगळे गाढ झोपलेले असतात. सुट्टीच्या दिवशी फोन व्हायचा, पण त्यात 'जेवलीस का' आणि 'दात पडला का' यापलीकडे गाडी जायची नाही. शिवाय फोनवर काकू जरा रंगात आल्या की पलीकडे नुसतं घुंई घुंई ऐकू यायचं. म्हणून मुलानं जाताना काकांच्या हातात एक रेकॉर्डर ठेवला होता.

"बाबा, आईच्या गोष्टी यात भरा आणि पाठवा. बटण रोज ऐकेल."

साबणाच्या वडीएवढं काळं यंत्र. डोक्यावर दोन छोटे माइक, गोगलगाईच्या शिंगांसारखे. समोर इवला पडदा, त्यात आवाजाबरोबर लांबणारी एक पट्टी, पट्टीच्या टोकाला एक दिवा आणि कडेला आवाज कमीजास्त करायचं दातेरी चाक. काकांना यंत्र पाहताक्षणीच आवडलं. त्यांनी त्याला जुन्या पाकिटाच्या चामड्याचं घट्ट कव्हर शिवलं, पाठीला ओरखडे पडू नयेत म्हणून. भरलेलं पाठवायचं कसं, हे मात्र दोघांनाही येईना. ते काम माझ्या कॉम्प्युटरकडे आलं, आणि त्यामुळे पुढचं सगळं मला पहिल्यापासून माहीत आहे.

पहिल्या दिवशी काकांनी यंत्र काकूंच्या तोंडासमोर धरलं. "काहीतरी बोल. आवाज किती ठेवायचा ते बघतो."

आयुष्यात पहिल्यांदाच काकू लाजल्या. ताठ बसल्या, केस कानामागे सारले आणि कुणाकडे तरी पहिल्यांदाच पाहुण्या म्हणून गेल्यासारख्या म्हणाल्या, "हॅलो. हॅलो. मी बोलतेय."

पट्टी जेमतेम हलली. काकांनी चाक फिरवून फिरवून वर नेलं, तेव्हा कुठे 'हॅलो' पट्टीच्या टोकाजवळ पोचलं. मग गोष्ट सुरू झाली. राक्षस आला आणि यंत्रावरचा दिवा लालभडक पेटला. तो परत परत पेटत राहिला. काकांना वाटलं, काम झकास चाललंय.

माझ्याकडे येऊन आम्ही ती ऐकायला बसलो. मुलगी छान बोलत होती. मग राक्षसानं तोंड उघडलं आणि स्पीकरमधून आवाज आला, "माझी च्यॅर्रर्रर्र खुर्रर्र!" जणू कुणी पत्र्यावरून खडी ओतत होतं.

"हे काय?" काकू म्हणाल्या. "हा कोण बोलला?"

"तूच," काका म्हणाले.

तरीही आम्ही ते पाठवलं. सुट्टीच्या दिवशी फोन आला तेव्हा बटणानं काळजीनं विचारलं, "आजी, राक्षसाला खोकला झालाय का? त्याला औषध दे ना."

काकू फोनवर हसल्या. पण फोन ठेवल्यावर जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "माझा राक्षस खोकत नाही हो. इतकी वर्षं खणखणीत होता."

काकांनी मग कंबर कसली. आधी त्यांनी माझ्या कॉम्प्युटरचा आवाज कमी करून पाहिला. राक्षस तसाच घरघरला, फक्त हळू. काकू मागे उभ्या होत्या. "अहो, चादर फाटलीय. तुम्ही नुसते लांब जाऊन बघताय."

यंत्रात 'ऑटो' नावाची एक सोय होती. आवाज मोठा झाला की यंत्र आपणहून कमी करतं, लहान झाला की वाढवतं. काकांनी ती लावली. पण काकू राक्षस यायच्या आधी गप्प होतात ना, त्या शांततेत यंत्राला वाटलं की आवाजच संपला. ते आपला कान वाढवत गेलं, आणि घरातली भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम पलटण चालून यावी तशी टकटक करत पुढे आली. राक्षसाचा 'मा' बॉम्बसारखा फुटला, आणि पुढची 'चादर' यंत्रानं घाबरून दाबून टाकली, उशीखाली तोंड घालून बोलल्यासारखी.

मग त्यांनी यंत्र लांब पॅसेजच्या टोकाला ठेवलं. राक्षस फाटायचा कमी झाला, पण विहिरीतून बोलायला लागला. मुलीचं बोलणं तर गेलंच. तिच्या जागी खालून माझा नळ तेवढा स्पष्ट ऐकू आला.

शेवटी काकांनी करू नये ती गोष्ट केली. ते काकूंना म्हणाले, "तू जरा हळू बोलून बघतेस का?"

काकूंनी बघितलं. हात मांडीवर ठेवून, सांभाळून सांभाळून त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. राक्षसानं चादर मागितली ती बँकेच्या खिडकीवर पासबुक मागावं तशी. रेकॉर्डिंग स्वच्छ आलं, कुठे फाटलं नाही, दिवा लागला नाही. आम्ही ते पाठवलं आणि लगेच सुनेचा फोन आला.

"आई, बरं आहे ना सगळं? बटण विचारतेय, आजीला ताप आलाय का?"

झालं. काकूंनी फोन काकांच्या हातात दिला आणि जाहीर केलं, "एक तर तुमचं यंत्र, नाहीतर माझा राक्षस. दोघं एका घरात राहायचे नाहीत." ते सगळ्या जिन्यानं ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी यंत्रापुढे तोंड उघडायचं बंद केलं. काका खोलीत यंत्र घेऊन आले की त्या ओठ मिटून भाजी निवडायला बसायच्या. काकूंचं घर इतकं शांत झालं की मला करमेना.

काका मात्र आतून खट्टू झाले होते. इतक्या छोट्या यंत्रानं आपल्याला चकवावं याचं त्यांना फार लागलं होतं.

याच सुमारास त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक आलं. रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम करणारी बाई, चाळिशीच्या आसपासची. वडिलांचं मनगटी घड्याळ बंद पडलं म्हणून घेऊन आली होती. काकांनी घड्याळ उघडून पाहिलं, स्प्रिंग बदलावी लागेल म्हणाले, आणि मग घुटमळत त्यांनी ड्रॉवरमधून रेकॉर्डर काढला.

"तुमच्याच कामातलं आहे. जरा ऐकता का?"

रेडिओवालीला आधी वाकून विचारावं लागलं, "काय म्हणालात?" मग तिनं पिशवीतून आपला हेडफोन काढला, यंत्राला जोडला, डोळे मिटून ऐकलं आणि राक्षस आला तशी दचकून हेडफोन कानांवरून उचलला.

"बापरे! कोण आहे हे?"

"आमची ही."

"काका, हे फाटलंय."

"ते कळलं मला. का फाटलं, ते कळत नाही."

"यंत्रात आवाज मावायला एक उंची असते. आवाज त्याच्या वर गेला की यंत्र त्याचा माथाच छाटून टाकतं. आणि छाटलेलं परत मिळत नाही. मागाहून आवाज कमी करा, काहीही करा."

"चावी गरजेपेक्षा जास्त पिळली तर स्प्रिंग तुटते, तसं."

"अगदी तसं. म्हणून वर जागा सोडून भरायचं. हळू भरलेलं मागाहून वाढवता येतं. थोडी सळसळ वाढेल, एवढंच. पट्टीवर वजा बाराचा आकडा आहे बघा, सगळ्यात मोठा आवाज त्याच्या आसपास राहिला की चिंता नाही. चाचणी कशी घेतली होती तुम्ही?"

"हॅलो हॅलो म्हणायला लावलं."

रेडिओवाली हसायला लागली. "सगळे तेच करतात. हॅलो म्हणताना माणूस शहाण्यासारखा बोलतो, आणि एकदा रंगला की छप्पर उडवतो. चाचणीत सगळ्यात मोठा आवाज काढायला लावायचा, आणि चाक त्याच्यावर बसवायचं. लाल दिवा लागता कामा नये."

काकांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "लाल दिवा म्हणजे वाईट?"

"म्हणजे फाटलं."

"मी शाबासकी समजत होतो," काका म्हणाले.

आता प्रश्न होता काकूंचा. एक तर त्यांचा संप चालू होता, आणि दुसरं म्हणजे सांगून त्यांचा आवाज निघायचा नाही. यंत्र पाहिलं की त्या पुन्हा पाहुण्या व्हायच्या. काकांनी दोन दिवस विचार केला. मग एका सकाळी काकू बाजारात गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं.

काकूंच्या कपाटातल्या चादरी हे एक प्रकरण आहे. कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ, सुरीनं कापल्यासारखा गठ्ठा. त्याला हात लावायची घरात कुणाची टाप नाही. काकांनी तो सगळा गठ्ठा बाहेर ओढला, चुरगाळून त्याचा गोळा केला आणि परत कोंबला. रेकॉर्डर वरच्या फळीवर डब्यामागे ठेवला. आणि एका हाताचं बोट चाकावर ठेवून स्टुलावर वाट पाहत उभे राहिले.

मी खाली चहा गाळत होते. वरून जे आलं, त्यानं अर्धा चहा ओट्यावर सांडला.

"अहोऽऽऽ! हे काय केलंऽऽऽत?"

 काकांचं सगळं लक्ष पडद्यावर. "हं," ते पुटपुटले. "पुन्हा म्हण."

"काय?"

"तेच. जरा इकडे तोंड करून."

काकूंनी पुन्हा म्हटलं. शिवाय न विचारता आणखी बरंच म्हटलं. काका चाक खाली खाली फिरवत गेले, लाल दिवा विझेपर्यंत. मग स्टुलावरून उतरले, गुपचूप चादरी काढून घड्या घालायला बसले, आणि काकू त्यांच्या डोक्याला काही झालंय का, ते बघत राहिल्या. का केलं, हे त्यांनी सांगितलं नाही. किल्ली शोधत होतो, असं काहीतरी म्हणाले.

त्या सुट्टीला बटणानं फोनवर हळूच विचारलं, "राक्षस बरा झाला का गं?" आणि काकूंचा संप तिथंच विरघळला. फोन ठेवल्या ठेवल्या त्या काकांना म्हणाल्या, "आणा ते तुमचं. शेवटचं सांगते. पोरीसाठी."

काकांनी चाक ठरवल्या जागी ठेवलं. काकूंनी जीव ओतून गोष्ट सांगितली. लाल दिवा एकदाही लागला नाही. पट्टी शहाण्या मुलासारखी खालीच राहिली. काका इतके खूश झाले की यंत्र हातात घेऊन, गुडघ्यांची पर्वा न करता स्वतः जिना उतरून माझ्याकडे आले. आम्ही ऐकायला लागलो.

राक्षस फाटला. पहिल्यापेक्षा हळू, पण तसाच, खडी ओतल्यासारखा.

काका खुर्चीत बसून राहिले. "दिवा लागला नाही. पट्टी वर गेली नाही. मग फाटलं कुठे?" त्यांचा चेहरा पाहून मला भरून आलं. काकूंना काय सांगायचं, हा त्याहून मोठा प्रश्न. आम्ही दोघांनी ठरवलं की कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून सांगायचं.

दोन दिवसांनी रेडिओवाली घड्याळ न्यायला आली. ते सुरेख चालत होतं. तिनं ते कानाला लावलं, मग मनगटावर बांधलं आणि म्हणाली, "राक्षसाचं काय झालं?"

काकांनी चादरींपासून सगळं सांगितलं आणि रेकॉर्डर पुढे केला. तिनं ऐकलं आणि कपाळाला आठी पडली. यंत्र फिरवून पाहिलं. "काका, हे चाक जवळजवळ तळाला गेलंय. एवढं खाली लागायला नको. हे कव्हर जरा काढता का?"

कव्हर घट्ट शिवलेलं. काकांनी नाइलाजानं ब्लेड घेतलं आणि एकेक टाका उसवला. यंत्राच्या पाठीवर, तांदळाच्या दाण्याएवढी एक सरकपट्टी होती. एका टोकाला लिहिलं होतं 'हाय', दुसऱ्याला 'लो'. सरकपट्टी 'हाय'वर होती.

"सापडला चोर," रेडिओवाली म्हणाली. "असं बघा. आवाज आत शिरतो तो आधी माइकच्या दारातून. ही सरकपट्टी त्या दाराची. तुमचं चाक आहे आतल्या दाराचं. तुम्ही आतलं दार बारीक करत गेलात, पण बाहेरच्या दारातच चेंगराचेंगरी होत होती. आत आलेली माणसं आधीच चेंगरलेली. आणि लाल दिवा बसलाय आतल्या दारावर, त्याला बाहेरचा गोंधळ दिसतच नव्हता."

काकांनी भिंग लावून ती सरकपट्टी पाहिली. नखानं हलकेच 'लो'वर सरकवली. "कव्हर मीच शिवलं," ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. काका हसतात तेव्हा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात.

"आता चाक परत मधोमध आणा आणि मोठा आवाज घ्या," रेडिओवाली सांगत होती, तेवढ्यात काकू बाजारातून आल्या. ओळखपाळख झाली. रेडिओवाली म्हणाली, "काकू, तुमचा सगळ्यात मोठा आवाज हवाय."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. केस कानामागे सारले. "हॅलो," त्या म्हणाल्या. "हॅलो."

"हा नाही हो. काकांनी परवा चाचणीसाठी चादरी चुरगाळल्या ना, तेव्हाचा."

 काकांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि तो फार निरखून पाहायला लागले.

"चाचणीसाठी?" काकू म्हणाल्या. "म्हणजे ते मुद्दाम? तुम्ही मला ओरडायला लावायला माझ्या चादरी..." त्या काकांकडे पाहत राहिल्या. काकांनी मान आणखी खाली घातली. आणि मग काकूंच्या पोटातून कुठून तरी हसू निघालं. आधी नुसतं हादरलं, मग वर आलं, मग फुटलं. वर काहीतरी कोसळलं असं वाटून मी धावत जिना चढले. दारातून पाहते तर काकू भिंतीला धरून हसतायत, रेडिओवाली यंत्राकडे बोट दाखवतेय, आणि यंत्रावर लाल दिवा पेटलाय.

"हा बघा!" रेडिओवाली ओरडून सांगत होती. "हा खरा माथा! राग नाही, हसू! यावर बसवा चाक!"

काकांनी घाईघाईनं चाक थोडं खाली घेतलं. काकू थांबायचं नावच घेईनात, त्यामुळे चाचणी अगदी सावकाश, बिनचूक झाली.

मग तिथल्या तिथं गोष्ट भरायची ठरली. रेडिओवालीनं स्टुलावर टॉवेलची घडी ठेवून त्यावर यंत्र ठेवलं, काकूंपासून हातभर अंतरावर आणि तोंडासमोर नाही, जरा तिरकं. "म्हणजे 'फ' आणि 'भ'ची फुंकर माइकवर आपटणार नाही." काका उठले आणि त्यांनी भिंतीवरची घड्याळं एकेक करून थांबवली. चालतं घड्याळ थांबवताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

काकू आमच्याकडे बघून सांगायला लागल्या. समोर तीन माणसं होती, त्यामुळे त्या यंत्र विसरल्या. मुलगी बारीक बोलली. राक्षस चिडला. मांजर चादरीवर झोपलं. आणि त्या दिवशी काकूंनी एक नवीनच शेवट केला. हातरुमालाएवढी झालेली चादर पाहून राक्षस रडायच्या ऐवजी म्हणतो, "बरं झालं. मला सर्दी झालीय." आणि तिच्यात नाक शिंकरतो. ते शिंकरणं रेडिओवालीलासुद्धा अपेक्षित नव्हतं. तिनं घाबरून पट्टीकडे पाहिलं. पट्टी वर उसळली, टोकाच्या अलीकडे थांबली आणि परत खाली आली.

"जागा सोडली होती म्हणून वाचलो," ती कुजबुजली.

माझ्याकडे आम्ही चौघं ऐकायला बसलो. सगळी गोष्ट जरा हळू वाटत होती. ती मी रेडिओवालीनं दाखवलं तशी कॉम्प्युटरवर वाढवली. मग राक्षस बोलला. सबंध, गोल, खणखणीत. 'चादर'मधला 'द' सुद्धा ऐकू आला. काकू तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. आपला आवाज बाहेरून नीट असा त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

"एवढा मोठा आहे?" त्यांनी काकांना विचारलं.

"हो," काका म्हणाले.

"आणि तुम्ही इतकी वर्षं..."

"सवय झाली," काका म्हणाले. "नसला की झोप लागत नाही."

पाठवल्यानंतर सुनेचा फोन आला तो हसतच. बटणानं गोष्ट इतक्या मोठ्यानं लावली होती की शेजारच्या बाई दार वाजवून विचारायला आल्या, घरात सगळं ठीक आहे ना. बटण चादरीखालून बाहेर यायला तयार नव्हती आणि गोष्ट बंदही करू देत नव्हती. शेजारच्या बाईंची हकिकत काकूंनी पुढचे कितीतरी दिवस जिन्यात भेटेल त्याला सांगितली.

त्यानंतर गोष्टींची रांगच लागली. काकांचा हातही बसला. लॉन्ड्रीतल्या मैत्रिणी गप्पा मारायला जमल्या त्या दिवशी त्यांनी सगळ्यांचं बोलणं भरलं, आणि त्या सगळ्या काकूंच्याच जातीच्या, तरी एक अक्षर फाटलं नाही. शेजारच्या सुतारालाही त्यांनी त्याच्या आईची गाणी भरून दिली. ती म्हातारी मात्र कुजबुजल्यासारखी गायची, तेव्हा त्यांनी मागची सरकपट्टी 'हाय'वर नेली.

आणि मग एकदा बटण फोनवर म्हणाली, "आता आजोबांची गोष्ट."

"मला कुठे येते," काका म्हणाले. आठवडाभर त्यांनी टाळाटाळ केली. घड्याळं आहेत, डोळा दुखतोय, घसा बसलाय. काकूंनी शेवटी स्टूल ओढलं, टॉवेल ठेवला, यंत्र ठेवलं आणि दार लावून घेतलं. मी तिथंच होते. काकांनी स्वतःच यंत्र जवळ ओढलं, अगदी वीतभर अंतरावर, चाक बरंच वर नेलं आणि बोलायला लागले. एका इवल्या स्प्रिंगची गोष्ट होती. ती श्वासानं उडून जाते आणि खोलीभर प्रवास करते. पलंगाखाली, चपलेत, मुंगीच्या पाठीवर. एवढं बोलताना मी काकांना कधी ऐकलं नव्हतं. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, हात मांडीत, जराही न हलता. मध्ये एकदा त्यांना खोकला आला, तर त्यांनी पदर तोंडात कोंबून तो गिळला. डोळ्यांतून पाणी आलं, पण हूं नाही की चूं नाही.

उत्तर बटणानं स्वतः बोलून पाठवलं. "आजोबांची गोष्ट मी कानाला लावून ऐकली. आईला पण नाही दिली ऐकायला. मुंगीचं पुढे काय झालं?"

काकांनी ते माझ्याकडे तीनदा लावायला सांगितलं. मग वर गेले. थोड्या वेळानं जिन्यातून काकूंचा आवाज आला, "अहो, चहा टाकलाय! आणि मुंगीचं काय झालं ते आधी मला सांगा!"